गाडी बसायच्या आत

सोमवारी सकाळी पेपर उचलायला म्हणून जयसिंगराव इंगवले बाहेर आले आणि पोर्चमधल्या गाडीकडे बघून पायरीवरच थांबले. गाडी मागून डाव्या बाजूला बसली होती. टायर शाबूत होता, त्यात हवाही होती, पण वरचं धूड त्या कोपऱ्यात इतकं खाली आलं होतं की चाकाचा चार बोटं भाग पत्र्याआड गेला होता. दोन टनाची ती काळीभोर जर्मन गाडी मागचा एक पाय दुमडून बसलेल्या म्हशीसारखी दिसत होती.

त्यांनी आधी गल्लीकडे बघितलं. रुईकर कॉलनीत या वेळेला फिरायला जाणाऱ्यांची वर्दळ असते. मग किल्ली आणून गाडी सुरू केली. खालून कुठूनतरी पंप घुमायला लागला आणि मिनिटा-दीड मिनिटात गाडी हळूहळू उठून सरळ झाली. समोरच्या पडद्यावर आलेला पिवळा दिवा मात्र विझला नाही.

या गाडीला साध्या स्प्रिंगा नव्हत्या. त्या जागी हवेनं भरलेल्या रबरी पिशव्या होत्या. पुण्याच्या शोरूममधल्या पोरानं गाडी देताना तेच मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं, की साहेब, खड्डा आला होता हेसुद्धा तुम्हाला कळणार नाही. तीन वर्षं खरोखर कळलं नव्हतं. आता एक पिशवी गळायला लागली होती आणि कंपनीची वॉरंटी ऑगस्टमध्येच संपली होती.

आज सोमवार. रविवारी मुलाच्या लग्नाची बोलणी करायला कागलहून मुलीकडचे पाहुणे यायचे होते.

जयसिंगरावांचा शिरोली एमआयडीसीत कारखाना होता. लेथ, ड्रिलिंग, ओतीव भागांचं मशिनिंग, हाताखाली चौदा माणसं. वडिलांची कागलजवळची दोन एकर हायवेच्या रुंदीकरणात गेली तेव्हा सरकारकडून मोठी रक्कम आली. थोडी नव्या शेडला गेली आणि उरलेल्या पैशात त्यांनी ही गाडी घेतली. रस्त्यावर येईपर्यंत शहाण्णव लाख. त्या दिवशी पुण्याहून येताना साताऱ्याच्या पुढं त्यांनी खिडकीची काच खाली केली होती आणि बायको शालन म्हणाली होती की, वाऱ्यानं केस विस्कटतील, काच लावा. ते नुसतेच हसले होते. पस्तीस वर्षं तेलकट हातांनी काम केलेल्या माणसाला आपण कुठंतरी पोचलो असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं होतं.

मुलगा राजवीर इंजिनिअर होऊन दोन वर्षांपूर्वी कारखान्यात आला. त्यानं वर्षभर खेटे घालून एका ट्रॅक्टर कंपनीचं काम आणलं. पण त्या कामाला संगणकावर चालणारं नवं मशिन लागणार होतं आणि मार्चअखेर ते बसलं नाही तर काम दुसरीकडं जाणार होतं. जुलैमध्ये राजवीर सरळ म्हणाला होता, पप्पा, गाडी विकू या. तावडे हॉटेलच्या चौकाजवळ जुन्या गाड्यांचा धंदा करणारा गुरुप्रसाद हा जयसिंगरावांचा शाळेपासूनचा दोस्त. त्यानं तेव्हा बावन्न लाख द्यायची तयारी दाखवली होती. जयसिंगरावांनी नाही म्हटलं. राजवीरचं लग्न ठरवायचं होतं. मुलीकडचे घर बघायला येतील तेव्हा दारात काय दिसणार? लग्न जमू दे, मग विकू, असं त्यांनी मुलाला सांगितलं होतं. वर हेही सांगितलं होतं, की गुरू पन्नासाला कधीबी उचलतोय, त्याचं टेन्शन तू घेऊ नको. राजवीरनं त्याच भरवशावर मशिनचं सगळं जुळवत आणलं होतं.

सप्टेंबरमध्ये सरकारनं मोठ्या गाड्यांवरचा कर कमी केला. नवी गाडीच काही लाखांनी स्वस्त झाली, मग जुनीला कोण विचारणार? त्यातच कंपनीनं नवं मॉडेल आणलं. पुढचे दिवे बदलले, आतला पडदा मोठा केला. जयसिंगरावांची गाडी होती तशीच होती, पण रातोरात मागच्या जमान्यातली झाली. गुरुप्रसादनं ऑक्टोबरात चव्वेचाळीस सांगितले. हे त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नाही. फोनवर जुन्या गाड्यांची किंमत दाखवणारं एक ॲप त्यांनी उतरवून घेतलं होतं. दिवसातून आठ-दहा वेळा ते उघडायचं आणि आकडा बघून फोन खिशात ठेवायचा, असा नाद त्यांना लागला होता.

मंगळवारी त्यांनी गाडी उद्यमनगरात ओळखीच्या मेकॅनिककडं नेली. त्यानं गाडी वर चढवून, साबणाचं पाणी मारून बुडबुडे दाखवले. डावी पिशवी फाटली होती आणि उजवीही आज ना उद्या जाणार होती. सारखा चालून पंपही दमला होता. तिन्ही बदलायला पावणेचार लाखांच्या घरात खर्च आणि माल पुण्याहून यायला दहा दिवस. रविवारच्या आत काही होणार नाही, असं त्यानं स्वच्छ सांगितलं. तोवर लांब नेऊ नका आणि रात्रभर उभी राहिली की बसणारच, हेही सांगितलं.

तिथून ते गुरुप्रसादकडं गेले. त्याच्या आवारात तसल्याच चार गाड्या धूळ खात उभ्या होत्या. त्यातल्या एकीच्या काचेवरचा भाव खोडून दुसरा लिहिला होता आणि तोही खोडला होता.

"आता कितीला घेशील?" जयसिंगरावांनी विचारलं.

गुरुप्रसादनं चहा मागवला आणि मग म्हणाला, "जयसिंग, तुला खोटं सांगू व्हय? नव्वद लाखाची गाडी घेणारा माणूस जुनी घेत न्हाय. आणि जो जुनी घेतो त्याला हिचा खर्च पेलत न्हाय. मधी कोण ऱ्हातंय? मी. सगळं धड असंल तर अडतीस. तेबी या महिन्यात."

सगळं धड नाही, हे जयसिंगराव बोलले नाहीत. चहा अर्धा ठेवून उठले.

त्या आठवड्यात त्यांना दुसरं काही सुचेना. बुधवारी गाडी रात्रभरात बसली. गुरुवारी सकाळी उठवून ठेवलेली दुपारी जेवायला येईपर्यंत बसली, म्हणजे सहा तास. शुक्रवारी चार. शनिवारी त्यांनी कारखान्यात जायचं टाळलं, पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसले आणि घड्याळ लावून बघितलं. दोन तास दहा मिनिटांत डावं चाक पत्र्याखाली शिरायला लागलं. शालननं विचारलं, तब्येत बरी हाय न्हवं? रात्री झोप न्हाय, जेवण न्हाय, गाडीपाशी काय बसलाय? ते म्हणाले, धुवायची हाय. आणि उठून खरंच गाडी धुवायला लागले. आपण बायकोशी लहान पोरासारखं खोटं बोलतोय, हे त्यांचं त्यांना कळत होतं. राजवीर संध्याकाळी आला, धुतलेली गाडी बघून हसला आणि म्हणाला की लग्न जमलं तर डिसेंबरात गुरूकाकांना बोलावू, मशिनवाल्याला मी तारीख देतो. जयसिंगराव नुसते हं म्हणाले.

रविवारी पाहुणे अकराला येणार होते. जयसिंगरावांनी पावणेअकराला गाडी सुरू करून उभी केली. हिशेब सरळ होता. अकरा ते एक, दोन तासांत चहा-पोहे, बोलणं सगळं होऊन जाईल. पण सव्वाअकरा झाले, साडेअकरा झाले, पाहुणे काही आले नाहीत. फोन केला तर निघालोय, उचगावच्या पुलाजवळ आलोय, असं उत्तर आलं. पावणेबाराला त्यांनी पुन्हा जाऊन गाडी सुरू केली. शालन खिडकीतून बघत होती. आता कुठं चाललाय, असं तिनं विचारलं, तर म्हणाले, पुढं घेतो जरा. गाडी इंचभरही पुढं गेली नाही.

बाराला पाच कमी असताना पाहुणे फाटकाशी आले, ते चालत. अमरसिंह सरनोबत कागलच्या हायस्कुलात गणित शिकवत. त्यांच्यासोबत त्यांची बायको आणि मुलगी अवंतिका. गाडी कुठं लावली, असं जयसिंगरावांनी विचारलं, तर अमरसिंह घाईनं म्हणाले की गल्लीच्या तोंडाशी झाडाखाली लावली, तिथं सावली होती. फाटकातून येताना त्यांची नजर त्या काळ्या गाडीवर गेली आणि ते दोन पावलं थबकले, हे जयसिंगरावांनी टिपलं. आठवड्यात पहिल्यांदा त्यांना जरा बरं वाटलं.

पण ते बरं वाटणं काही टिकलं नाही. बैठकीत ते अशा खुर्चीवर बसले होते की खिडकीतून गाडीचा मागचा भाग दिसावा. अमरसिंह कागलच्या शाळेबद्दल बोलत होते, शालन पोहे वाढत होती आणि जयसिंगराव व्हय व्हय म्हणत त्या डाव्या चाकाकडं बघत होते. अवंतिका एका विमा कंपनीसाठी सर्व्हेअर होती, म्हणजे अपघात झालेल्या, पुरात बुडालेल्या गाड्या तपासून किती नुकसान झालं ते ठरवायची, असं कुणीतरी सांगितलं. स्थळ आणणाऱ्या मध्यस्थानं नुसतं विमा कंपनीत नोकरी एवढंच कळवलं होतं. जयसिंगरावांना वाटलं, आता कुणी गाडीचा विषय काढू नये, फक्त तासभर.

एक वाजता शालन मध्येच बोलली. मुलांनी जरा बाहेर बोलून घ्यावं, म्हणाली. दोघं पोर्चमध्ये गेली. जयसिंगरावांना खिडकीतून दिसत होतं. राजवीर काहीतरी सांगत होता, अवंतिका ऐकत होती. मग बोलता बोलता तिची मान वळली. ती चाकाकडं बघत होती. थोड्या वेळानं राजवीर आत पाणी न्यायला आला तेव्हा ती खाली वाकली आणि दोन बोटं चाकाच्या वर पत्र्याच्या फटीत घालून बघितली. बोटं पुरती गेली नाहीत; आज गाडी सव्वा तासातच बसायला लागली होती.

जयसिंगराव उठले. अमरसिंहांचं वाक्य अर्धं राहिलं. एक मिनिटात आलो, म्हणून ते बाहेर आले.

अवंतिका सरळ उभी राहिली. ओढणी सावरून हळूच म्हणाली, "काका, मागची पिशवी गळतेय का?"

"न्हाय न्हाय. फरशीला उतार हाय जरा."

तिनं फरशीकडं बघितलं. फरशी काचेसारखी सपाट होती. ती परत चाकाकडं बघायला लागली आणि ते जयसिंगरावांना सहन झालं नाही. सहा दिवस एकट्यानं धरून ठेवलेलं सगळं त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. पिशवी, पंप, पावणेचार लाख, जुलैचे बावन्न, गुरुप्रसादचे अडतीस, पोराचं मशिन. आवाज आत जाऊ नये म्हणून ते जवळजवळ कुजबुजत होते. शेवटी म्हणाले, "तुम्ही येणार म्हणून ठेवली गं पोरी ही. दारात दिसावी म्हणून. न्हायतर जुलैतच गेली असती."

अवंतिकानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आम्हाला उशीर का झाला, सांगू? पप्पांना तुमच्या गाडीचं मध्यस्थानं सांगितलं होतं. आमची पंधरा वर्षांची जुनी गाडी तिच्याशेजारी लावायची कशी, म्हणून ते वाटेत भाड्याची चांगली गाडी मिळते का बघत होते. आईनं आणि मी नको म्हटलं. म्हणून मग लांब लावली."

जयसिंगरावांनी फाटकाबाहेर गल्लीच्या तोंडाकडं बघितलं.

"आहे तशी विकलीत तर बत्तीसच्या वर कोणी देणार नाही," ती पुढं म्हणाली. आता तिचा आवाज कामावर असल्यासारखा झाला होता. "दुरुस्त करून, बिल हातात ठेवून विकलीत तर सदतीस-अडतीस येतील. खर्च वजा जाता सव्वा ते सव्वादोन लाख जास्त हातात राहतील. पण डिसेंबर संपायच्या आत विका. एक जानेवारीला कागदावर ती आणखी एका वर्षानं जुनी होते. आणि राजवीरना आजच सांगा. ते आत्ता मला सांगत होते की मशिनचे पन्नास लाख तयार आहेत."

तेवढ्यात राजवीर पाण्याचा पेला घेऊन आला. दोघांकडं आळीपाळीनं बघून त्यानं काय झालं विचारलं. जयसिंगराव म्हणाले, पाहुणे गेल्यावर सांगतो.

पाहुणे दोनला गेले. जाताना अमरसिंह मोघमच बोलले, कळवतो म्हणाले. जयसिंगरावांना वाटलं, गेलं. पोरीनं घरी जाऊन सगळं सांगितलं असणार. खोटं बोलणाऱ्या माणसाच्या घरात मुलगी कोण देतंय?

संध्याकाळी त्यांनी शालनला आणि राजवीरला समोर बसवून सगळं सांगितलं. शालननं डोक्याला हात लावला, पण रागावली नाही. तिला आठवडाभर त्यांच्या छातीत दुखत असेल, ते लपवत असतील असंच वाटत होतं. राजवीरनं मात्र सगळं संपेपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "मी जुलैमध्ये सांगितलं होतं, पप्पा."

"व्हय. तू सांगितलंतस."

"भाव पडला त्याचं काही नाही. तो सगळ्यांचाच पडला. तुम्ही मला सांगायचं तरी होतं. मी त्या कंपनीच्या माणसासमोर छाती पुढं काढून बोललोय."

तो उठून गच्चीवर गेला. जयसिंगराव खाली बसून राहिले. गाडी बाहेर तिच्या तिच्या गतीनं बसत होती. त्या दिवशी ते तिला उठवायला गेले नाहीत.

सकाळी राजवीर कागद घेऊनच खाली आला. नवं मशिन जमणार नव्हतं. पण बंगळूरच्या बाजूला एक कारखाना बंद होत होता, तिथं चार वर्षं वापरलेलं मशिन एकतीसला मिळत होतं. रात्री त्यानं तिघा-चौघांना फोन करून ते शोधलं होतं. बोलताना तो वडिलांच्या डोळ्यांकडं बघत नव्हता, पण कागद त्यांच्यासमोरच पसरला. दोघांनी मिळून तो वाचला आणि एकदा राजवीरनं त्यांचं चुकलेलं गणित दुरुस्त केलं.

पुण्याहून माल यायला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत कागलहून फोन आला नाही. जयसिंगराव रोज मध्यस्थाला विचारायचे आणि तो रोज, बघू या, म्हणायचा. शालननं एकदा सुचवलं, दुसरी स्थळं बघू. राजवीर म्हणाला, थांबा जरा. तो अवंतिकाशी फोनवर बोलत होता की नाही, हे विचारायचं जयसिंगरावांना धाडस झालं नाही.

गाडी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेली. गुरुप्रसादनं बेळगावचा एक डॉक्टर गाठला होता. जयसिंगरावांनी दुरुस्तीचं बिल त्याच्या हातात दिलं आणि काय काय झालं होतं ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं. डॉक्टरनं खाली वाकून बघितलं, दोनदा चालवून बघितली आणि साडेछत्तीसला व्यवहार झाला. गुरुप्रसाद नंतर कानाशी लागून म्हणाला, एवढं सांगायची गरज नव्हती, दीड लाख तोंडानं घालवलेस. जयसिंगराव म्हणाले, घालवले तर घालवले. गाडी हायवेला लागून दिसेनाशी होईपर्यंत ते चौकात उभे होते. शहाण्णव वजा साडेछत्तीस, एवढं त्यांनी मनात केलं. मग राजवीरच्या मोटरसायकलवर मागं बसून ते शिरोलीला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अमरसिंहांचा फोन आला. बोलायला सुरुवात केली तीच अवघडून. मुलीनं त्यांना घरी गेल्यावर काहीच सांगितलं नव्हतं, पंधरा दिवसांनी काल सांगितलं. गाडी विकली हे तिला राजवीरकडून कळलं होतं. "इंगवलेसाहेब," ते म्हणाले, "मी त्या दिवशी तुमच्या घरी फार अवघडून बसलो होतो. एवढ्या मोठ्या घरात आपली मुलगी द्यावी की नाही, हेच ठरत नव्हतं. आता विचारतो, तुमचा कारखाना बघायला आलो तर चालेल का? अवंतिकालाच बघायचाय."

जयसिंगराव फोन कानाशी धरून खुर्चीतून उठले. या की, म्हणाले, कधीबी या.

ते शनिवारी आले. या वेळी त्यांची जुनी पांढरी गाडी थेट शेडच्या दाराशी येऊन थांबली. कारखान्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं. दोन जुने लेथ चालू होते, लोखंडाचा कीस जमिनीवर पडला होता आणि एका कोपऱ्यात बंगळूरहून येणाऱ्या मशिनसाठी नवं काँक्रीट ओतलेलं होतं, अजून ओलं. अवंतिकानं ओतीव भाग हातात घेऊन विचारलं, हा आधी कसा येतो आणि मग इथं त्याचं नेमकं काय होतं? राजवीर सांगायला पुढं झाला, पण तोवर जयसिंगरावांनी भाग तिच्या हातातून घेतला होता. ते तिला लेथपाशी घेऊन गेले, पकड कशी बसवायची, हत्यार कुठं टेकवायचं, किती बारीक माप धरायचं, सगळं दाखवायला लागले. अमरसिंहही चष्मा पुसत जवळ आले आणि मापाबद्दल एकामागून एक प्रश्न विचारू लागले. शालन दारात चहाची किटली घेऊन उभी होती. तिनं दोनदा हाक मारली, पण लेथच्या आवाजात कुणाला ऐकू गेली नाही, म्हणून ती किटली खाली ठेवून तिथंच स्टुलावर बसली.